टोनर आणि शाईची कार्ट्रिज एकाच डब्यात: पावसाळ्यात साठवण कशी करावी?

खारेवारे (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यात अगदी किनाऱ्यालगतच्या एका शाळेच्या कार्यालयासाठी विचारते आहे.

प्रिंटर दोन. एक लेझर, एचपीच्या १२ए कार्ट्रिजवर चालणारा. दाखले, प्रश्नपत्रिका, रोजची पत्रे त्यावर. दुसरा रंगीत इंकजेट, एक काळे आणि एक तिरंगी अशी दोन छोटी कार्ट्रिज लागणारा. तो महिन्यातून दोन-तीनदाच चालतो, प्रमाणपत्रे आणि ओळखपत्रांसाठी. खरेदी वर्षातून एकदा, मार्चअखेरीला होते. त्यामुळे पाच-सहा टोनर आणि शाईची तेवढीच कार्ट्रिज वर्षभर पडून असतात.

साठवण अशी: पत्र्याच्या छपराची खोली, बाहेरच्या भिंतीला टेकून लोखंडी कपाट. टोनरचे खोके जागा वाचावी म्हणून उभे, एकावर एक. जूनमध्ये दमट हवा सुरू झाल्यावर झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणला, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि अर्धवट वापरलेला एक टोनर व प्रिंटरमधून काढलेली शाईची दोन्ही कार्ट्रिज त्यातच ठेवली.

आता दिसतंय ते असं. डब्यातला टोनर ठीक चालतो. कपाटातून काढलेला नवा टोनर मात्र पानाच्या एका बाजूला फिका छापतो, मधे एक उभी पांढरी पट्टी येते आणि कोरा भागही करडा दिसतो. शाईच्या बाबतीत उलट झालंय: डब्यातली काळी अर्धीच उमटते, तिरंगीत गुलाबी रंग येतच नाही, पाकीट न फोडलेली मात्र व्यवस्थित आहेत. शाळा सुटताना भिंतीवरचा मुख्य खटका बंद करण्याची पद्धत आहे, त्याचा संबंध असेल तर तेही सांगा.

साठवण नेमकी कशी करावी? आणि बिघडलेल्यांपैकी काही वाचेल का?


ड्रमरोलर

ताई, उत्तर तुमच्या प्रश्नातच आलंय. टोनर म्हणजे कोरडी भुकटी, तिला ओल बाधते. शाई म्हणजे पाणी, तिला कोरडेपणा बाधतो. सिलिका जेलच्या डब्यात टोनर सुखात राहिला आणि शाईच्या नॉझलमधलं, म्हणजे शाई बाहेर पडायच्या छिद्रांमधलं, पाणी त्याच सिलिका जेलने ओढून घेतलं. दोघांचे डबे आजच वेगळे करा. शाईवर इथे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत, मी टोनरपुरतं लिहितो.

टोनरचा कण पाच ते दहा मायक्रॉनचा. आत प्लास्टिक, मेण, काळा रंग. १२ए सारख्या कार्ट्रिजमधल्या टोनरमध्ये लोहाचं ऑक्साईडही असतं, कारण तो चुंबकाच्या रोलरवर, म्हणजे आपण ज्याला मॅग रोलर म्हणतो त्यावर, धरून ठेवायचा असतो. मॅग रोलरवरून जाताना डॉक्टर ब्लेडशी, म्हणजे रोलरवरचा टोनरचा थर पातळ ठेवणाऱ्या पट्टीशी, घासून कणांवर विद्युतभार येतो. छपाईचा सगळा खेळ त्या भारावर. हवा दमट असली की भार नीट चढत नाही, चढला तरी टिकत नाही. मग जिथे जायला हवं तिथे टोनर कमी जातो आणि जिथे जायला नको तिथे थोडा थोडा पसरतो. फिकं अक्षर आणि करडं पान एकाच वेळी दिसतं ते यामुळे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. टोनरमधलं प्लास्टिक साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि वर वजन असेल तर कण त्याच्या आधीपासूनच एकमेकांना चिकटतात. एप्रिल-मे मधे पत्र्याखालची खोली, त्यात लोखंडी कपाट, त्याचाही वरचा कप्पा. पावसाने बिघाड केला असं वाटतं, पण निम्मं काम उन्हाळ्यानेच करून ठेवलेलं असतं. कंपन्या बंद पाकिटातल्या टोनरसाठी साठवणीची वरची मर्यादा साधारण ४० अंश देतात. ती थोड्या दिवसांसाठी समजा. वर्षभर ठेवायचं तर १५ ते ३० अंशांची जागा शोधा.

तिसरी गोष्ट उभं ठेवण्याची. कार्ट्रिज उभं राहिलं की सगळी भुकटी एका टोकाला उतरते आणि महिनोन् महिने तिथेच दाबून बसते. दुसरं टोक रिकामं. तुमची एक बाजू फिकी येते ती इथून. मधली पांढरी पट्टी बहुधा गुठळीची आहे: डॉक्टर ब्लेडच्या धारेखाली ज्वारीच्या दाण्याएवढी गुठळी अडकली तरी तेवढ्या रुंदीत टोनर पुढे सरकत नाही आणि पानभर उभी कोरी रेघ येते.

आता काय करायचं.

तो टोनर प्रिंटरमधून काढा, ड्रमवरची (ज्या नळकांड्यावर अक्षर उमटून मग कागदावर जातं त्याच्यावरची) झडप मिटली आहे ना ते बघा, त्याच्याच काळ्या पिशवीत घाला. पिशवी सिलिका जेलच्या डब्यात आडवी, तोंड किंचित उघडं, एक दिवस. दुसऱ्या दिवशी बाहेर काढून दोन्ही टोकांना धरा आणि आडवाच ठेवून डावी-उजवीकडे पाच-सहा वेळा हलवा. चाळणीत पीठ चाळताना हात जसा जातो तसा, मोकळ्या पण बेताच्या जोराने. उभा धरून आपटू नका, त्याने भुकटी टाकाऊ टोनरच्या कप्प्याच्या फटीतून आणि मॅग रोलरच्या कडेने बाहेर येते. मग दहा-पंधरा पानं छापा. पहिली चार-पाच वाईट येतील. पट्टी तरीही राहिली तर मॅग रोलर काढून ब्लेड साफ करावं लागेल. ते रिफिल करणाऱ्या कारागिराचं काम, घरी स्क्रू खोलू नका.

करडेपणा पंधरा पानांनंतरही तसाच असेल तर ती भुकटी गेली समजा. हॉपर, म्हणजे भुकटीचा कप्पा, रिकामा करून नवी भुकटी भरणं हाच उपाय.

आणि एक कळकळीची विनंती. ओला झालाय म्हणून टोनर उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर लावू नका. ड्रमवरचा हिरवा-निळा थर प्रकाशालाच संवेदनशील असतो, तेच त्याचं काम आहे. खोलीतला साधा उजेडही काही मिनिटांपेक्षा जास्त लागू देऊ नये. थोडा वेळ लागला तर ड्रम अंधारात ठेवल्यावर बराचसा सावरतो, थेट ऊन लागलं तर तेवढ्या भागाचा कायमचा पट्टा उमटतो.


रीमभर

टोनरला दोष देण्याआधी कागद बघा. कोकणात जुलै-ऑगस्टमधे फिक्या छपाईच्या निम्म्या तक्रारी कागदाच्या असतात.

ओळखायची खात्रीची पद्धत: पान छापायला द्या आणि ते अर्धं आत गेलं की पुढचं झाकण उघडा. यंत्र थांबेल. कार्ट्रिज बाहेर काढून झडप जराशी उचला आणि ड्रमवर बघा. ड्रमवर अक्षर गडद, पण कागदावर फिकं, आणि कागदाला लागून गेलेल्या भागावरही अक्षराची सावली शिल्लक, असं दिसलं तर टोनर निर्दोष आहे. ओल्या कागदाने तो उचललाच नाही. ड्रमवरच अक्षर फिकं असेल तर मात्र कार्ट्रिज. बघणं दहा सेकंदांत उरका, ड्रमला बोट लावू नका, आणि अडकलेला कागद ओढताना अंगावर टोनर सांडेल याचं भान ठेवा, तो अजून भाजलेला नसतो.

कागदासाठी: रीम वापरायच्या वेळीच फोडायची. तिचं वेष्टण आतून मेणाचं किंवा प्लास्टिकचं असतं ते उगाच नसतं. ट्रेमधे दिवसाला लागतील तेवढेच, पन्नास-शंभर कागद. संध्याकाळी उरलेले परत वेष्टणात, तोंड दुमडून चिकटपट्टी. रीम जमिनीवर नको, फळीवर. भिंतीपासून वीतभर लांब. कपाटाची पाठ बाहेरच्या भिंतीला टेकली असेल तर आधी ते कपाट ओढून आतल्या भिंतीला लावा. एवढ्यानेही फरक दिसतो.

ट्रेमधला कागद कडेला लाटेसारखा दिसला तर तो लेझरमधे घालूच नका. फ्यूझरमधे, म्हणजे टोनर कागदावर वितळवून बसवणाऱ्या भागात, १८०-२०० अंशांच्या आसपास तापमान असतं, कागदातल्या पाण्याची तिथे वाफ होते. पान वळतं, चुण्या पडतात, अडकतं.


निळीशाई

आता शाई.

आधी खटक्याबद्दल, कारण तुमच्या दोन कार्ट्रिजचा पहिला घात तिथे झालाय आणि डब्याने तो पुरा केला.

इंकजेट प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड, म्हणजे नॉझल असलेला छपाईचा भाग, उजव्या कोपऱ्यात जाऊन बसतं आणि खालून रबराची टोपी वर येऊन नॉझल झाकते. घड्याळाच्या टिकटिकीसारखे दोन-चार आवाज येतात, दिवा थोडा वेळ लुकलुकतो, मग विझतो. तो दिवा विझेपर्यंत थांबायचं. भिंतीवरचा खटका आधी पाडला तर हेड जिथे असेल तिथेच, उघडं राहतं. नॉझलची छिद्रं केसापेक्षा बारीक. त्यांच्या तोंडाशी शाईचा पडदा वाळायला एक रात्र पुरते, आठवडा झाला की पापुद्रा बसतो. तेव्हा शिपाईदादांना सांगून ठेवा: आधी प्रिंटरचं बटण, दिवा विझला की मग खटका. प्रिंटरवर तशी चिठ्ठी चिकटवलीत तर उत्तम.

दुसरं, चालू असलेली कार्ट्रिज प्रिंटरमधून काढून ठेवण्याचं काही कारण नाही. टोपीसारखी चांगली जागा बाहेर कुठेच मिळत नाही. तुमच्यासारखा कमी वापर असेल तर दर आठवड्याला एक पान छापा, ज्यात काळ्यासह चारही रंगांचे बोटभर पट्टे असतील. नॉझल चेकचं, म्हणजे सगळी छिद्रं चालतात का ते दाखवणारं, पानही चालतं. हेड क्लीनिंग, म्हणजे प्रिंटरने शाई ओढून नॉझल साफ करणं, दर आठवड्याला करू नका. त्यात छापण्यापेक्षा जास्त शाई तळाच्या फोममधे जाते.

काढावीच लागली, म्हणजे प्रिंटर दुरुस्तीला गेला वगैरे, तर छोटा हवाबंद डबा घ्या. त्यात एका कोपऱ्यात डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेला स्पंजचा तुकडा, पिळून घेतलेला, थेंब न गळणारा. कार्ट्रिज दुसऱ्या बाजूला, नॉझल खाली किंवा आडवी राहतील अशी, स्पंजला किंवा डब्याच्या तळाला नॉझल न टेकता. सिलिका जेल अजिबात नाही. नव्या कार्ट्रिजवरची पट्टी काढून टाकल्यावर तीच परत नॉझलवर चिकटवतात काही जण. तेही करू नका. चिकटपट्टीखाली तिन्ही रंग एकमेकांत झिरपतात आणि डिंकाने छिद्रं बुजतात ती वेगळीच.

बिघडलेली वाचवायची असतील तर असं करा.

डिस्टिल्ड वॉटर हाताला सोसेल इतकं गरम करा, ४०-४५ अंश. नळाचं किंवा विहिरीचं नको, त्यातले क्षार नॉझलमधे बसतात. सपाट बशीत टिश्यूची चौपदरी घडी ठेवा आणि ती पूर्ण भिजून वर जेमतेम दोन मिलीमीटर पाणी राहील एवढंच ओता. कार्ट्रिज नॉझल खाली करून तीवर ठेवा. काळी पाच मिनिटं, तिरंगी दोनच मिनिटं, कारण तिच्यात रंग उलटे चढायची भीती असते. तांब्याचे टिपके (विजेच्या जोडणीचे) असलेली बाजू कोरडी राहिली पाहिजे.

मग कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर सरळ दाबा आणि उचला. घासायचं नाही. काळीचा एक सलग गडद पट्टा उमटला पाहिजे. तिरंगीचे तीन पट्टे शेजारी शेजारी: निळा, गुलाबी, पिवळा. सुरुवातीला ते एकमेकांत मिसळलेले मातकट दिसतील, तीन-चार वेळा टिपल्यावर वेगळे झाले की समजायचं मार्ग मोकळा झाला. गुलाबीचा पट्टाच आला नाही तर आणखी एकदा, जास्तीत जास्त दोनदा. टिपके कोरड्या कापडाने पुसा, दहा मिनिटं थांबा, बसवा, एकदा क्लीनिंग, नॉझल चेक.

तरीही गुलाबी आली नाही तर सोडून द्या. या प्रकारच्या कार्ट्रिजमधे प्रत्येक नॉझलमागे इवलासा तापक असतो, तो शाईचा बुडबुडा करून थेंब बाहेर ढकलतो. समोर शाई नसताना तापक चालत राहिला की जळतो. म्हणून कोरड्या हेडवर क्लीनिंगवर क्लीनिंग मारणं म्हणजे उरलेली नॉझलही जाळणं. दोनदा झालं, थांबा.


टाकीवाला

निळीशाई यांच्या स्पंजच्या तुकड्याबद्दल एक सावधगिरी. कोकणातल्या उकाड्यात ओला स्पंज बंद डब्यात पंधरा दिवसांत बुरशी धरतो आणि ती नॉझलवर पसरते. चार-पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं असेल तर स्पंज बदलत राहा. महिनाभरासाठी हा उपाय माझ्या मते नाहीच. त्यापेक्षा कार्ट्रिज चालू प्रिंटरमधेच राहू द्या.

धाग्यात टाकीवाल्या प्रिंटरचा विषय नाही, पण शाळा पुढे तोच घेतील असं दिसतं म्हणून थोडं. एपसनच्या एल मालिकेत हेड कायमचं यंत्रात असतं आणि ते तापकावर नाही, पिझोवर, म्हणजे वीज दिली की आकार बदलून शाई ढकलणाऱ्या स्फटिकावर, चालतं. कॅननच्या जी मालिकेत टाकी असली तरी हेड काढता येणारं आणि तापकाचं असतं. म्हणून एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू करू नये. दोन्हींत टाकीतली शाई खालच्या रेघेच्या खाली जाऊ द्यायची नाही. गेली की नळीत हवा शिरते आणि ती काढायला बरीच शाई वाया जाते.

एपसनमधे रंग गायब झाला तर क्लीनिंग, लगेच नॉझल चेक, असं तीनदा. त्यानंतर यंत्र बटणाने बंद करून बारा तास हात लावायचा नाही. या बारा तासांत शाई पापुद्र्याला आतून भिजवते आणि नळीतले बुडबुडे वर सरकतात. बऱ्याचदा सकाळी एका क्लीनिंगमधे काम होतं. ज्यांना धीर नसतो ते सलग दहा क्लीनिंग मारतात आणि टाकाऊ शाईचा पॅड वेळेआधी भरतात. पॉवर क्लीनिंग, म्हणजे जास्त शाई ओढणारं जोरदार क्लीनिंग, त्यानंतरचं पाऊल, आणि तेही सगळ्या टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या असतील तरच.

बाटली उघडली की झाकण घट्ट, बाटली उभी, अंधारात. उरलेली शाई दुसऱ्या कंपनीच्या शाईवर ओतू नका. रंगद्रव्याची शाई आणि विरघळलेल्या रंगाची शाई एकत्र आली तर गाळ धरू शकते, आणि तो गाळ नळीत बसला की यंत्र उघडावं लागतं. रंगद्रव्याच्या शाईची बंद कार्ट्रिज महिन्यातून एकदा हळूच उलटसुलट करावीत, कण तळाशी बसतात.


खारेवारे

सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रमवरची परीक्षा केली: अक्षर ड्रमवरच फिकं होतं, म्हणजे कार्ट्रिजचाच दोष. एक दिवस सिलिका जेलमधे ठेवून हलवल्यावर बाजूचा फिकेपणा गेला, पट्टी अंधूक झाली आहे. काळ्या शाईचा सलग पट्टा आला, छपाई पूर्ण येते. तिरंगी गेली.

आता तीन गोष्टी विचारते. एक, उरलेल्या टोनरसाठी कपाटाची रचना कशी करू? काही जण फ्रिज सुचवताहेत, काही कपाटात शून्याचा बल्ब. दोन, जुन्या एका रिफिल केलेल्या टोनरवर पानात ठरावीक अंतराने काळे ठिपके येतात, ते कशाचे? तीन, एकदा रिफिल करताना भुकटी जमिनीवर सांडली होती, फरशीवरचा डाग अजून आहे.


ड्रमरोलर

फ्रिज नको. थंड टोनर दमट खोलीत बाहेर काढला की गार पाण्याच्या तांब्यावर येतात तसे थेंब त्याच्या अंगावर येतात, ड्रमवर आणि संपर्काच्या पट्ट्यांवरसुद्धा. वातानुकूलित खोलीतून आणलेलं खोकंही दोन तास न उघडता तसंच ठेवावं. बल्बची पद्धत कपड्यांच्या कपाटाला ठीक आहे, टोनरशेजारी उष्णता नको.

कपाट आतल्या भिंतीला, पत्र्याखालच्या खोलीतून पक्क्या छताच्या खोलीत. टोनर मधल्या कप्प्यात, मूळ खोक्यात, आडवे, खोक्यावरचा बाण बघून, एकावर एक दोन-तीनच. पाकीट आणि टोनरची सील-टेप बसवायच्या क्षणापर्यंत शाबूत. चालतो का ते बघायला आधीच टेप ओढून ठेवणारे लोक आहेत. टेप ओढली की हॉपरमधली भुकटी रोलरपर्यंत येते आणि त्यानंतर ते बंद कार्ट्रिज राहत नाही. उघडलेलं सहा महिन्यांत संपवा. खोक्यावर जाड मार्करने दोन तारखा: आणल्याची आणि उघडल्याची. जुनं पुढे, नवं मागे.

उघडलेल्या टोनरच्या डब्यात, डबा पाच-सहा लिटरचा धरला तर, ५० ते १०० ग्रॅम सिलिका जेल पुरे. रंग बदलणारे मणी आणा. निळ्याचे गुलाबी झाले की ओव्हनमधे ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवा, परत निळे होतात. स्वयंपाकाच्या भांड्यात मात्र ते करू नका. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवलात तर काटा ४० ते ६० टक्क्यांत हवा.

खाऱ्या वाऱ्याने कार्ट्रिजच्या टोकाच्या धातूच्या पट्ट्या काळवंडतात. बसवण्याआधी कोरड्या सुती कापडाने पुसा. तेल, व्हॅसलीन काही लावू नका.

खरेदीबद्दलही सुचवतो. १२ए पाच टक्के छापलेल्या पानांच्या हिशोबाने साधारण २००० पानं देतं. तुमच्या सहाचे १२,००० झाले. वर्षाला तेवढी पानं खरंच लागतात का ते नोंदवहीतून बघा. मार्चमधे तीन आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमधे तीन असं करता आलं तर निम्मा साठा उन्हाळा-पावसाळ्यातून जाणारच नाही.

ठिपक्यांसाठी पट्टी घ्या आणि लागोपाठच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर मिलीमीटरमधे मोजा. रोलर एकदा पूर्ण फिरला की त्याच्यावरचा डाग पुन्हा उमटतो, म्हणून अंतर म्हणजे त्या रोलरचा परीघ. १२ए मधे अंतर ७५ मिमीच्या आसपास असेल तर ड्रम: २४ मिमी व्यासाचा आहे, गुणिले ३.१४. ड्रमवर त्या जागी टोचा किंवा चिकटलेला कण सापडेल. ३८ मिमीच्या आसपास असेल तर त्याच्यावरचा बारीक काळा रबरी चार्ज रोलर. तो धूळ-टोनरने माखला असेल तर पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या कापडाने पुसून पूर्ण वाळवतात. स्पिरिट वापरायचं नाही, रबराचा थर जातो. ड्रमला तर पाणीही नको. दोन्हींपैकी कोणतंच अंतर जुळलं नाही तर मॅग रोलर, फ्यूझर किंवा ट्रान्सफर रोलर. दुसरं कार्ट्रिज घालूनही ठिपके आले तर दोष यंत्रात.

ठिपके नसून पानाच्या लांबीभर एक बारीक काळी रेघ असेल तर ड्रमवरचा ओरखडा किंवा फाटलेलं वायपर ब्लेड, म्हणजे ड्रमवरचा उरलेला टोनर पुसणारी पट्टी. रिफिल करणाऱ्याला दोन गोष्टी नक्की विचारा: टाकाऊ टोनरचा कप्पा प्रत्येक वेळी रिकामा करता का, आणि भुकटी कोणत्या मॉडेलची भरता. १२ए ला साधारण ८० ते १०० ग्रॅम जाते. कप्पा भरलेला राहिला तर तीच टाकाऊ भुकटी ड्रमच्या कडेने पानावर गळते. ती हॉपरमधे परत ओतून वापरणारेही असतात. तिच्यात कागदाची धूळ असते, त्या धुळीने ड्रम घासला जातो. ८८ए ची भुकटी १२ए मधे घालणं हाही तोच प्रकार: वितळण्याचं तापमान आणि भार धरण्याची क्षमता जुळत नाही, मग अक्षर बोटाने पुसलं जातं नाहीतर पान करडं येतं.

फरशीवरचा डाग गार पाण्याने. कुणीतरी गरम पाण्याने पुसला असणार, गरम पाण्याने टोनर मऊ होऊन चिकटतो. आता चिकटलाच असेल तर सपाट प्लास्टिकच्या पट्टीने हळू खरवडा. पुढे कधी सांडली तर पंखा आधी बंद, तोंडाला मास्क, ओलसर कापडाने आत आत ओढत गोळा करा, कापड गार पाण्यात. हातही गार पाण्याने धुवायचे. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, इतके बारीक कण त्याच्या पिशवीतून पार होऊन खोलीभर पसरतात.


निळीशाई

तिरंगी फेकू नका आणि रिकामे टोनर शाळेच्या कचऱ्यात जाळू तर अजिबात नका. हवेत उडालेली टोनरची भुकटी ज्वाळेजवळ भडकते. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ मधल्या यादीत प्रिंटर त्यांच्या कार्ट्रिजसकट धरलेले आहेत, म्हणजे ही कार्ट्रिज ई-कचऱ्यातच द्यायची असतात. तोवर एका खोक्यात, प्रत्येक टोनर त्याच्या पिशवीत, तोंड बांधून. शाईच्या कार्ट्रिजला टिश्यूत गुंडाळून वेगळी पिशवी.

नवी तिरंगी बसवताना नॉझलवरची पट्टी हळू, एका ओढीत काढा, तांब्याच्या टिपक्यांना बोट लागू देऊ नका, आणि त्या दिवसापासून बटण आधी, खटका नंतर.


खारेवारे

मोजलं. ७५ मिमी. ड्रमवर कडेपासून बोटभर आत एक बारीक टोचा दिसतोय, आणि तिथून टिपलेल्या कापडाला काहीच लागलं नाही, म्हणजे चिकटलेला कण नाही. नवा ड्रम घालून घ्यावा की कार्ट्रिजच बदलावं?


ड्रमरोलर

टोचा असेल तर ड्रम बदलायचाच, पुसून जाणार नाही. आतापर्यंत दोनदा-तीनदाच रिफिल झालं असेल आणि मॅग रोलरचा काळा थर सारखा दिसत असेल, कडेला चकाकी आली नसेल, तर ड्रम आणि वायपर ब्लेड दोन्ही एकदम बदलून घ्या. जुनं ब्लेड नव्या ड्रमवर ठेवू नका. मॅग रोलर कडेला चकाकत असेल तर पैसे घालू नका, कार्ट्रिज ई-कचऱ्याच्या खोक्यात टाका. नवा ड्रम पाकिटातून निघाल्यापासून कार्ट्रिज बंद होईपर्यंत कारागिराला खिडकीपासून लांब बसून काम करायला सांगा.